दुपारचं दुखणं

पडदा पुन्हा काळा झाला होता. सत्यशीलानं जेवणाचा डबा टेबलावर आपटला आणि कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात टेकवला. पाठ तव्यासारखी तापली होती. सकाळभर खपून भरलेले तेंदूपत्त्याचे आकडे पुन्हा पाण्यात गेले.

अहेरीतल्या त्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. त्याच्यासाठी मंजूर झालेला एसी मात्र अजून नागपुरातच थंड हवा खात बसला होता. तरी सत्यशीलानं मशीनला काही कमी पडू दिलं नव्हतं. आल्याबरोबर मऊ ब्रशनं धूळ झाडायची, मलमलीनं पडदा पुसायचा, फ्लॉप्या डबीत बंद करायच्या, संध्याकाळी घरी शिवलेला अभ्रा घालायचा. त्या खोलीत चपला घालून पाय टाकायची साहेबांचीही टाप नव्हती. घरी आई म्हणायची, "माह्यी वेणी घालाले तुले येळ नाई, अन् त्या डब्याले रोज न्हाऊ घालतं!"

एवढं करूनही महिनाभरापासून मशीन रोज दुपारी मान टाकत होतं. नागपूरहून इंजिनिअर दोनदा येऊन गेला. तो सकाळी यायचा, तेव्हा मशीन अगदी शहाण्यासारखं चालायचं. आता साहेबांनी बजावलं होतं, या खेपेला दुरुस्त झालं नाही तर मशीन नागपूरला परत. सत्यशीलाची नेमणूक मशीनवरची. ते गेलं की तिनंही नागपूर गाठायचं, नाहीतर घरी बसायचं. आईला आता डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. तिला एकटीला टाकून जायचं कसं आणि नोकरी सोडली तर खायचं काय, या विचारानं सत्यशीलाची झोप उडाली होती.

तिचा संशय एकाच माणसावर होता. हेडक्लार्क बापूराव, कचेरीतले सगळ्यात जुने. मशीन आलं त्या दिवशी नारळ फुटत असतानाच ते म्हणाले होते, "माह्या टाइपरायटरले कोणी कधी तेल बी नाई देलं, अन् याचे एवढे लाड!" तेव्हापासून येता-जाता ते तिला विचारायचे, "कसा आहे, बाई, तुमचा जावई?" मागच्या आठवड्यात ती जेवून जरा लवकर परतली, तर मशीनच्या खोलीबाहेर बापूरावांच्या चपला! तिला पाहताच ते बगलेत काहीतरी दाबून घाईघाईनं निघून गेले. आत मशीन बंद पडलेलं होतं.

तसंही बापूरावांचं हल्ली काही खरं नव्हतं. अख्खी अहेरी उन्हाळ्याची लू लागू नये म्हणून कानांना दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून फिरत असताना हा निवृत्तीला टेकलेला माणूस भर दुपारी बोडक्या डोक्यानं सायकल हाणत घरी जेवायला जायचा. मंगळवारी तर कचेरीतच त्यांच्या नाकाचा घोळणा फुटला. शर्ट रक्तानं भरला. सत्यशीलानं पाणी आणून दिलं, पण मनातल्या मनात म्हणाली, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर तिसऱ्यांदा आला. सत्यशीलानं त्याला दुपारपर्यंत थांबवून घेतलं. जेवायला जातो, असं सगळ्यांदेखत सांगून दोघं बाहेर पडले आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखालून माघारी वळले. खोलीबाहेर त्याच चपला होत्या. आता या म्हाताऱ्याला सोडायचं नाही, असं ठरवून तिनं दार ढकललं.

बापूराव मशीनवर वाकले होते. चालू मशीनच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आपला दुपट्टा घट्ट लपेटला होता आणि उन्हात निघालेल्या पोराला आई बांधून देते तशी ते मागे गाठ मारत होते. दुपट्ट्याच्या टोकाला एक कांदा बांधलेला होता.

"भाऊ! हे काय करून राह्यले तुमी?"

बापूराव ओशाळले. हात मात्र गाठीवरच राहिले.

"तो पह्यल्यांदा पडला त्या दिवशी तुमीच म्हणल्या नं बाई, लई गरम झाला म्हणून. मले वाटलं, आपल्या जावयाले ऊन लागून राह्यलं. दोन्ही बाजूनं भोकं आहेत त्याले, कानावानी. तिथूनच लू घुसत असन. तुमी जेवाले गेल्या का बांधून देतो, अन् तुमी याच्या आंधी सोडून घेतो. तरी बी काऊन पडते, समजून नाई राह्यलं." त्यांनी गाठ पुन्हा चाचपली. "हा गेला तं तुमी बी जासान. मंग तुमच्या मायकडे कोण पाहीन?"

इंजिनिअरला हसू आवरेना. "अहो काका, त्या भोकांतूनच तर आतली गरमी बाहेर पडते! ती बुजवली की मशीन आतल्या आत शिजतं. पहिल्यांदा उन्हानं पडलं असेल, पण पुढे रोग नव्हताच काही. तुमचं औषधच भोवलं त्याला."

बापूरावांचा चेहरा उतरला. "मंजे, मीच पाडून राह्यलो होतो त्याले?"

सत्यशीलानं त्यांच्या तापून लाल झालेल्या कपाळाकडे पाहिलं. खिशावरचा रक्ताचा डाग धुऊनही नीट गेला नव्हता. तिनं हलक्या हातानं गाठ सोडली, दुपट्टा काढला. आतला पंखा मोकळा घुमू लागला.

मग कांदा तिनं बापूरावांच्या खिशात घातला, दुपट्टा त्यांच्या डोक्यावरून कानांवर ओढला आणि मागे नीट गाठ मारली.

"भाऊ, जावयाचे कान उघडे ठेवाचे असतेत. झाकाचे ते तुमचे."