काजळी

“अजून काळं कर,” बाबा म्हणाले. “बंदुकांच्या तोंडाशी. धूर दिसला पाहिजे, धूर!”

मुलीनं ब्रश बाटलीत खळखळून धुतला. टेबलावर वीतभर लांबीचं लढाऊ विमान उभं होतं. पोट फिकट निळं, पाठ मातकट हिरवी. अशी हुबेहूब मॉडेलं करणं हा तिचा धंदा. परक्यांच्या बापांची विमानं तिनं पुष्कळ रंगवली होती. स्वतःच्या बापाचं हे पहिलंच. उद्या ते बाबांच्या जुन्या तुकडीच्या सभागृहात, काचेच्या पेटीत जाऊन बसायचं होतं. खाली पितळी पाटी आणि पाटीवर बाबांचा पराक्रम.

पेटी घेऊन सुतार आला आणि बाबांना आयता श्रोता मिळाला. झालं! दळण सुरू.

“शत्रूच्या पायलटच्या मागं लागलो. इतका जवळ, की मान दिसत होती त्याची. दाबलं बटण. भडका! वरची काच उघडेना हो त्याला. दोन्ही मुठींनी बडवतोय, बडवतोय... कातडी सुटली हातांची, उकडलेल्या बटाट्याची साल सुटते ना, तशी! मग काच आतून काळी होत गेली. मुठी दिसेनाशा झाल्या.” एवढं सांगून बाबा हसले आणि त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

सुतारानं आपला कप खाली ठेवला. पेटी बसते की नाही तेवढं पाहिलं आणि काढता पाय घेतला.

शी! लहानपणापासून हे तिच्या पानात वाढलं जात होतं. पाहुणे आले की भडका, मैत्रिणी आल्या की भडका. मैत्रिणी पुढं यायच्याच बंद झाल्या. तिच्या लग्नात या माणसानं भर पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी बसून, त्या मुठी करून दाखवल्या होत्या. आई असेपर्यंत गोष्ट सुरू झाली की उठून आत जायची आणि नळ मोठा सोडायची. ‘पोरगी अगदी बापावर गेलीय, विमानांचं वेड बघा,’ असं लोक कौतुकानं म्हणायचे. तिला ती शिवी वाटायची.

आता काम दोनच गोष्टींचं उरलं होतं. बंदुकांच्या तोंडाशी काजळी आणि बाबांच्या बसण्याच्या जागेखाली एक बारीक पांढरी फुली. फुली म्हणजे पाडलेलं विमान. म्हणजे तो मुठी बडवणारा. तिचा हात त्या फुलीकडे वळतच नव्हता, म्हणून तिनं आधी काजळी घ्यायची ठरवली.

काजळी कुठवर पसरली होती ते पाहायला तिनं भिंतीवरचा फोटो उतरवला. त्याच दिवसाचा फोटो. विमान नुकतंच टेकलेलं, पुढचा पंखा अजून फिरतोय, तरणेताठ बाबा टोपी काढताहेत. चौकटीतून बाहेर काढून तिनं तो प्रथमच भिंगाखाली धरला.

काजळी नव्हतीच.

उड्डाणाआधी बंदुकांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या चिकटवत, आत धूळ-पाणी जाऊ नये म्हणून. पहिली गोळी सुटली की पट्टीच्या चिंध्या. तिच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. फोटोतल्या सगळ्या पट्ट्या धडधाकट होत्या. एकीलाही साधी चीर नव्हती.

म्हणजे थाप! इतकी वर्षं जेवणात कालवलेली ती घाण, ती निव्वळ थाप होती! आता तर तिला त्या बशीची, त्या फुर्रर्रचीही किळस आली.

“बाबा, इकडे या. हे बघा. पट्ट्या फाटलेल्याच नाहीत.”

बाबांनी भिंग घेतलं. वाकून एकेक पट्टी पाहिली.

“मेकॅनिकनं फाडल्या,” ते म्हणाले. “फोटोवाला गेल्यावर. नखांनी. म्हणाला, साहेब, सांगा पाडलं म्हणून. नाहीतर भित्रा म्हणून हाकलतील तुम्हाला.”

“म्हणजे तुम्ही गोळी झाडलीच नाहीत?”

“मान दिसली ना त्याची. कोवळी होती गं. बोट चालेचना. गेला मग तो पुढं.”

तिला चक्क हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. बाप खुनी नव्हता! खोटारडा होता, बढाईखोर होता. असू दे, खोटारडा चालेल. कितीतरी वर्षांनी तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि तिनं तो ठेवला. पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं झाकण दुसऱ्या हातानं घट्ट लावून टाकलं.

“फुली गेली खड्ड्यात,” ती म्हणाली. “पट्ट्या रंगवते मी, अख्ख्या. उद्या कोण काय म्हणतं ते मी बघते. पण काय हो बाबा, ती काच, त्या मुठी, ती कातडी... शी! इतकं घाणेरडं तुम्हाला सुचलं तरी कुठून?”

बाबांनी भिंग खाली ठेवलं.

“सुचलं नाही, पाहिलं,” ते म्हणाले. “मी ज्याला सोडला ना, त्यानं पुढं जाऊन आपल्यातलाच एक पेटवला.”