जमनाची नाडी

"छपन्न," पुष्पलता म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली.

समोर स्टुलावर बसलेल्या जमनाने हात तसाच पुढे ठेवला. बोईसरच्या पूर्वेला, दोन तासांच्या चालीवर तिचा पाडा. भर उन्हातून आली होती, तरी हात गार आणि कातडी कोरडी ठणठणीत. चेहरा सुजल्यासारखा. गळ्यावरची गाठ मण्यांच्या माळेखाली अर्धी झाकलेली.

"आणि छाती धडधडते म्हणतेस?"

"लई धडधडते, बाय. बसल्या जागी. हात ठेवला तरी कळते."

पुष्पलताने परत मोजलं. छपन्नच.

थायरॉईडच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. डॉक्टर दर मंगळवारी मुंबईहून येत. एरवी दवाखाना पुष्पलताच सांभाळी. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जमनाच्या टाचेच्या वर रबरी हातोडी मारून दाखवली होती. पाऊल हललं, पण जागेवर परत यायला त्याने फार वेळ घेतला.

"गळ्यातली ग्रंथी काम करत नाही," ते म्हणाले होते. "गोळी चुकवलीस तर हृदयाला सूज येईल. वर्ष काढणार नाहीस. आणि औषध लागू पडायला लागलं की सुरुवातीला त्रास होतो. तो लपवायचा नाही, येऊन सांगायचा."

जमनाने एवढंच विचारलं होतं, "कडू हाय का गोळी?"

मग ती नेमाने येऊन सांगत गेली. दुसऱ्या आठवड्यात भूक. भाकर संपली तरी हात पुढेच. तिसऱ्यात केस गळायला लागले. मग घाम, मग पातळ परसाकडे, मग झोप उडाली. पुष्पलताकडे एक जाड पुस्तक होतं. त्यातलं पान आणि जमनाचं बोलणं यांत एका गोष्टीचा फरक पडत नव्हता.

ती उपाय सांगे. गोळी पहाटेच, रिकाम्या पोटी, म्हणजे रात्री झोप लागते. चहा बंद. दुपारी मीठ घालून पेज. गळलेले केस परत येतील, घाबरायचं नाही. जमना प्रत्येक सूचना ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघे.

"आता आठ दिवस अर्धीच गोळी," पुष्पलताने ब्लेडने एक कापून दाखवली. "बघू उतरतं का."

पुढच्या मंगळवारी जमना हसतच आली. "उतरलं, बाय! चौथ्या दिसापासनं झोप लागली."

त्रास उतरायला पुस्तकातही चार-पाच दिवसच लिहिले होते. पुष्पलताने मनगट धरलं. चोपन्न. वजन दीड पौंडाने वाढलेलं. हातोडीखाली पाऊल अजून तसंच आळशी.

"सिस्टर, गोळी पोटात जात असती तर नाडी चढली असती. बाई गोळ्या विकते किंवा फेकते," जमना गेल्यावर डॉक्टर म्हणाले. "आपल्याला त्या मोजून मिळतात. पुढच्या मंगळवारी बंद करू."

"पण खोटं सांगणारीला चौथा दिवस कुठून कळला, डॉक्टर?"

"ते मला माहीत नाही. मला चोपन्न माहीत आहे."

पुष्पलताला ते पटेना. गोळ्या शिळ्या असतील? पण त्याच बाटलीतल्या गोळ्यांनी तारापूरच्या चंद्रकांताची नाडी पन्नासावरून अठ्ठ्याहत्तरवर आली होती. मग आपलं घड्याळ? तिने ते स्टेशनच्या घड्याळाशी पडताळलं. बरोबर होतं. राहिली होती ती फक्त जमना. औषध बंद झालं तर ही बाई जाणार, आणि का गेली ते कुणालाच कळणार नाही. रविवारी ती सकाळीच पाड्याच्या वाटेला लागली.

पाड्यावर पुरुषमाणूस दिसत नव्हता. सगळे तारापूरला वीजघराच्या बांधकामावर. शेजारची नवसी अंगणात मोहाची फुलं पसरत होती.

"सुई घेऊन आलीस काय, बाय? माजी कोंबडी बी पळाली बग!"

"नाही गं, सुई नाही. जमना कुठे?"

"पान्याला गेली. तिला येल लागतो. दहा पावलं चालते नि थांबते."

"ती गोळी घेते का रोज? खरं सांग."

"रोज काढते. कोंबडं आरवलं की डबी उघडते, पाट्यावर वाटते नि पेजेत घालते. एक दीस चुकली नाय."

"वाटते?" पुष्पलताने विचारलं. "वाटायला कशाला पाहिजे? गिळायची असते ती."

नवसी काही बोलणार, तोच कुणीतरी मागून पुष्पलताची पिशवी ओढली.

एक मुलगी होती. उंचीने चार वर्षांची, पण चेहरा चार वर्षांचा नव्हता. कपाळावर घामाचे थेंब. डोक्यावरचे केस विरळ, मधूनमधून नवी काळी लव उगवलेली. ती एका जागी उभी राहत नव्हती. पिशवी सोडून फुलांकडे, फुलांकडून परत पिशवीकडे.

"जमनाची चिमी," नवसी म्हणाली. "बारा पावसाळे झाले तिला. भिताडाला टेकवली की दीसभर तशीच ऱ्हायची, लाकडावानी. मागं एका डाक्टरला दाखवली, तर आता औशद देऊन उपेग नाय बोलला. नि आता बग, धरून ठेवावी लागते."

ओढ्याकडच्या चढावर जमना दिसली. डोक्यावर हंडा. थांबत, धापा टाकत ती अंगणात आली. पुष्पलताला बघून दचकली नाही. तिने हंडा खाली ठेवला, श्वास जमेपर्यंत खांबाला धरून उभी राहिली आणि मग मुलीला खांद्याला धरून पुढे केलं.

"छाती धडधडते का, ते तिलाच इचार, बाय," ती म्हणाली. "आता बोलते ती."