हे हँडल नाही असे समजावे

मुख्य अभियंता धुरातून बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मासुद्धा नाकावरून घसरला नव्हता.

शेडमध्ये दोन यानं शेजारी शेजारी उभी होती. एक जळालेल्या यानाचं जुळं, दुसरं सरावाचं, कधीच न उडणारं. जुळ्या यानात खोटा धूर सोडून, दिवे घालवून, चौकशी समितीनं दार आतून उघडून दाखवायला सांगितलं होतं. डोक्यावरचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं की दार उघडतं. अभियंता जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणारे, पण हे काम त्यांनी चहा ढवळावा तसं केलं.

"चाक अवघड नाहीये," रुमालाला हात पुसत ते म्हणाले. "माणूस गोंधळला, इतकंच. मी त्याला दोष देत नाही."

दोष न देता तो दुसऱ्याच्या पदरात टाकायची त्यांची हातोटी ऑफिसात सगळ्यांच्या परिचयाची होती.

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं. भिंतीजवळच्या खुर्चीत वैमानिकाची बायको बसली होती. यान सुखरूप उतरलं, मग आत धूर झाला आणि दार आतून उघडलं नाही, एवढंच तिला आजवर सांगण्यात आलं होतं. अहवालात 'वैमानिकाची चूक' येणार ही कुजबुज घरापर्यंत पोचली होती. तेव्हापासून सासरे मुलाच्या फोटोकडे पाठ करून जेवत.

राखीव वैमानिक उठला. हा तिच्या नवऱ्याबरोबरच शिकलेला, तिला वहिनी म्हणणारा. ऐन वेळी नवऱ्याला साधा ताप आला असता तर हाच गेला असता. मलाही आत बसू द्या, म्हणाला. अभियंत्यांनी हरकत घेतली. याला चाकाची जागा झोपेतही ठाऊक, यातून काय सिद्ध होणार? मग तर बरंच, अध्यक्षबाई म्हणाल्या, लवकर आटपेल.

लवकर आटपलं नाही. अंधारातलं टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. त्याचा हात वर गेलाच नाही. डावीकडे खांद्यापाशी गेला आणि कोऱ्या पत्र्यावर आपटला. पुढे चाचपला, मागे चाचपला, फिरून तिथंच आला. घर बदललं तरी हात जुन्या घरातल्या बटणाची जागा शोधतो, तसा. शेवटी दार बाहेरून उघडावं लागलं.

"डावीकडे काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काहीच नाही," अभियंता म्हणाले.

"सरावाच्या यानात आहे," राखीव खोकत म्हणाला.

मग एकेक बाहेर आलं. चाकाऐवजी एका हिसक्यात दार उघडणारं हँडल बसवायचं ठरलं होतं. सरावाच्या यानात ते बसलंही. उडणाऱ्या यानात मात्र वजन वाढतं आणि तारीख हुकते म्हणून ते राहिलं. सरावाचं काढायचं तर वेगळी मंजुरी हवी, आणि ती कोणी मागितली नाही. दोघांनीही अखेरपर्यंत त्याच्यावरच सराव केला. चाकाबद्दल तोंडी सूचना होत्या.

"रद्द कोणी केलं?"

"ते रद्द झालं, बाई."

"झालं, की केलं?"

अभियंता म्हणाले, बैठकीत ठरलं. बैठकीचं हे एक बरं असतं, तिला पगार नसतो आणि पेन्शनही अडत नाही. शिवाय, ते पुढे म्हणाले, सरावाच्या हँडलखाली ठळक सूचना चिकटवली होती. त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

राखीव मान खाली घालून म्हणाला, "साहेब, तुम्हाला दार उघडता आलं, कारण तुम्ही कधी सराव केला नव्हता."

 मग बायको पहिल्यांदाच बोलली.

"त्यांना सांगितलंत. त्यांच्या हाताला कोणी सांगितलं?"

ती उठली आणि सरावाच्या यानाकडे गेली. अडवायला कोणी धजलं नाही. आत एकच आसन, डोक्यावर एक पिवळट दिवा. डाव्या खांद्यापाशी लाल हँडल होतं, मुठीचा रंग घासून उडालेला. खाली पट्टी: 'हे हँडल नाही असे समजावे.' पट्टीचा एक कोपरा नखानं उचकटलेला होता. घरातल्या बरण्यांवरची लेबलं अशीच असत, आणि त्यावरून ती नवऱ्याला नेहमी बोले.

तिनं तो कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. तो पुन्हा वर आला.

मग तिनं दार आतून ओढून घेतलं. बाहेर सगळे दारासमोर गोळा झाले. सर्वांत पुढे अभियंता, काही मोडतोड होऊ नये म्हणून.

खट् असा बारीक आवाज झाला. दार सताड उघडलं, आणि अभियंत्यांना वाट सोडावी लागली.