आजींच्या खोलीतला फॉल्ट

"सगळं उघडून बघा, पण आज सोक्षमोक्ष लावा," आजींचा मुलगा म्हणाला. "आई म्हणते, खोलीतला दिवा आपोआप जातो, आपोआप येतो. बटणाला हात लावला की झटका बसतो. आम्हाला कोणालाच कधी दिसलं नाही."

वायरमनने स्टूल मांडलं. अधूनमधून येणारा फॉल्ट म्हणजे डोक्याला ताप. घरच्यांना छळ छळ छळतो आणि वायरमन दारात आला की दडी मारून बसतो.

मुलाने आवाज हळू केला. "वायरिंगमध्ये काही निघालं नाही, तर मग बिघाड तिच्या डोक्यातच म्हणायचा. घरात दोन लहान पोरं आहेत. उद्या गॅस उघडा टाकला तर? सोमवारी वृद्धाश्रमात नेतो. फॉर्म भरून ठेवलाय. तिची एक बालमैत्रीण तिथे आहे, तेवढाच आधार."

वायरमनला त्याचा रागच आला. त्याच्या स्वतःच्या थोरल्या भावाने त्यांच्या आईलाही असंच 'चार दिवस' म्हणून आश्रमात ठेवलं होतं आणि तो मूग गिळून गप्प बसला होता. आई परत आलीच नाही. ते त्याला अजून खुपत होतं.

त्याने बोर्ड उघडला, न्यूट्रलचे स्क्रू आवळले, होल्डर हलवून पाहिला, गीझर आणि इस्त्री एकदम लावून लोड दिला. दिव्याने डोळासुद्धा मिचकावला नाही.

तेवढ्या वेळात आजींनी पोरांना भरवलं, भांडी घासली, ढीगभर कपड्यांच्या घड्या घातल्या. सुनेने फोनमधून मान न उचलता चहा सांगितला, तोही आजींनीच आणला. बिचारी घरात टिकून राहायला राबतेय, असं वायरमनला वाटलं.

"सापडलं का रे बाबा?" कप पुढे करत आजींनी विचारलं.

"अजून नाही."

"नसेल तर सरळ नाही म्हणून सांग. माझी भीड धरू नकोस."

म्हातारी मानी होती.

दोन तासांनी त्याची खात्री पटली. वायरिंग खणखणीत होतं. मग धंद्यात पहिल्यांदाच तो खोटं वागला. पिशवीतून दुसऱ्याच घरातला करपलेला वायरचा तुकडा काढून त्याने मुलापुढे धरला.

"हे बघा. आतल्या आत जळत होती. आईंचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे."

मुलाचे डोळे भरून आले. "आई, मी तुला वेडी ठरवत होतो गं!" त्याने तिथल्या तिथे फॉर्म फाडला. सून धावत येऊन सासूच्या गळ्यात पडली. वायरमनला कित्येक वर्षांनी हलकं हलकं वाटलं.

आजी त्याला दारापर्यंत सोडायला आल्या.

"खरं सांग, काही नव्हतं ना?"

"नव्हतं." तो हळूच हसला. "पण आता तुम्हाला इथून कोणी हलवत नाही."

आतून सुनेची हाक आली, "आई, स्वयंपाकाला लागताय ना?"

"आले," म्हणत आजींनी पदर खोचला आणि वायरमनकडे पाहिलं.

"दोन महिने वेड पांघरलं होतं रे," त्या म्हणाल्या, "तेव्हा कुठे हा मला सोडायला तयार झाला होता."