जेडची बांगडी

"काकूला रेशमी रुमाल, आत्याला पंखा, आजीला चहाचा डबा. आणि तुला गं, आई?"

"मला काय करायचंय?" आईने नेहमीचं पालुपद लावलं. बाबा गेल्यापासून तिने स्वतःसाठी साधं कानातलंही घेतलं नव्हतं. लेकीची टेबल टेनिसची स्पर्धा नसती, तर ती चीनमधल्या सुझौला कशाला येतेय!

ऋजुला हिरमुसली. तेवढ्यात दुकानातल्या मावशींनी आईचा हात ओढला, त्याला भराभर क्रीम चोपडलं आणि आपल्याकडच्या कासारणीसारखी दाबत दाबत जेडची बांगडी चढवलीसुद्धा! हिरवीगार, थंडगार.

"अगं, काढायला सांग त्यांना! हिरवी मला चालत नाही आता."

"कोण म्हणतं? मी घेतेय ना तुला!" ऋजुला फणकारली, पण आईचा चेहरा बघून वरमली. तिने मावशींना खुणेने बांगडी काढायला सांगितलं.

मावशी साबणाचं पाणी घेऊन आल्या. तोवर आई एकटक बघत बांगडी मनगटावर गोल गोल फिरवत होती. पाणी दिसताच तिने हात चटकन ओढणीखाली घेतला.

"नको. एकदा काढल्या, तेवढं पुरे झालं. पैसे दे त्यांना, ऋजू."