मागच्या सीटवरचं बोलणं

कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर कंपनीच्या दोन साहेबांना स्टेशनवर सोडायला निघाला. दिवसभर त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यात ड्रायव्हरची लेकही होती, पण हे साहेबांना ठाऊक नव्हतं. “ती निळ्या ड्रेसमधली पोरगी चांगलीच हुशार निघाली,” मागच्या सीटवरून धाकटा साहेब म्हणाला. ड्रायव्हरचा ऊर भरून आला. त्या ड्रेसला सकाळी त्यानंच इस्त्री केली होती. “असू दे,” थोरला जांभई देत म्हणाला, “यंदा कुणालाच घ्यायचं नाहीये. हेड ऑफिसनं भरती कधीच बंद केलीय. कॉलेजशी संबंध राहावेत, म्हणून आलो आपण.” स्टेशनवर ड्रायव्हरनं दोघांच्या बॅगा उतरवून दिल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. “बाबा, गाडीत काही बोलले का ते माझ्याबद्दल?” “नाही गं,” तो म्हणाला, “दोघंही झोपले होते.”