सहा वर्षांखालील

रामकिसन आठ नंबरची खोली आटोपून सरळ दहा नंबरकडे वळला, तेव्हा मधल्या खोलीतून आवाज आला, "आमची राहिली."

नऊ नंबर त्याची स्वतःची खोली होती. आवाज त्याच्या बायकोचा होता.

काम तसं साधं होतं. बोईसरच्या काही कारखानदारांना लहान मुलांसाठी दवाखाना काढायचा होता. कुठे काढायचा, ते ऑफिसातला नवा कॉम्प्युटर सांगणार होता. रामकिसन तो चालवायचा. त्याने एका रकान्यात पिनकोड टाकले आणि शेजारच्या रकान्यात एक्क्याण्णवच्या जनगणनेतली सहा वर्षांखालची मुलं. आसपासच्या गावांचा पिनकोड एकच निघाला, त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते ती सगळी मुलं बोईसरच्या पोस्टात राहत होती. पोस्टमास्तरांना याची काहीच कल्पना नव्हती. दवाखाना पोस्टाच्या छपरावर काही बांधता येईना, म्हणून साहेबांनी रामकिसनला सरावलीच्या चाळीत घरोघर विचारायला पाठवलं आणि दुसऱ्या कारकुनाला स्टेशनपलीकडच्या वस्तीत. जिथे मुलं जास्त, तिथे डॉक्टर.

नर्मदा दारात पदर खोचून उभी होती.

"तुला काय विचारायचं," रामकिसन म्हणाला.

"सगळ्यांना इचारलं तसं इचारा."

"लोक बघायलेत, नर्मदा."

"बघू द्या."

लोक म्हणजे सात नंबरच्या रत्नाबाई. त्या उंबऱ्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. "त्या खोलीत काय लिवायचा ता तुला ठावं हाय ना," त्या हळूच म्हणाल्या. "लिही नि चल पुढं. कशाला उगा."

रामकिसनने कागद पुठ्ठ्यावर सरळ केला.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"रामकिसन."

तिने ते उखाण्याशिवाय घेतलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदाच.

"सहा वर्षांखालची मुलं?"

"एक."

रत्नाबाईंचा हात सुपात थांबला.

"श्रावणात गेली ना सुगंधा," रामकिसन म्हणाला. जणू नर्मदा त्या वेळी गावाला होती आणि तिला कोणी कळवायचं राहून गेलं होतं.

"म्या कुठं न्हाई म्हणते."

"साहेबांनी असलेली मोजायला सांगितलीत."

"मंग आठ नंबरच्या भैयाची पाच कशी लिहिलीत? हितं तर एकच हाय."

हे खरं होतं. भैया म्हणाला होता, "यहाँ एक, गाँव में चार. डॉक्टर आएगा तो सबको बुला लेंगे." रामकिसनला त्यात खोट सापडली नव्हती.

"आन् रत्नाबाईच्या सुनेचं पोटातलं बी लिहिलंत. म्या ऐकलंय."

हेही खरं होतं. सुनेला सहावा महिना होता, म्हणून आधी त्याने अर्धा लिहिला होता. पण कॉम्प्युटरला अर्धं मूल चालतं, साहेबांना चालत नाही. त्याने खोडून पूर्ण एक केला.

"जे अजून आलं न्हाई त्याला धरता," नर्मदा म्हणाली. "येऊन गेलं त्याला का न्हाई?"

"त्यांना डॉक्टर लागणार आहे म्हणून."

"सुगंधाला लागला न्हाई?"

श्रावणात ते तिघं टेम्पोने पालघरच्या डॉक्टरकडे निघाले होते. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी लांब होती. तिचे डबे बघून सुगंधा हसली नाही, तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

पण खोटं सांगायला तो कॉम्प्युटरही काही कमी नव्हता. एक्क्याण्णवला मोजणारे मास्तर आले तेव्हा ती पाळण्यात होती. त्या रकान्यात ती अजूनही होती, बोईसरच्या पोस्टात, बाकीच्या पोरांमध्ये. रामकिसन रोज सकाळी मशीन चालू करायचा आणि सगळ्यात आधी तो आकडा बघायचा. कमी झालेला नसायचा.

त्याने कागदावर एक लिहिला.

"वय?"

"तीन."

त्याने मनात मोजून पाहिलं. असती तर तीनच असती.

"हे परत कधी इचारायला येणार?" नर्मदाने विचारलं.

"दरवर्षी. साहेब म्हणतात, आकडे ताजे पाहिजेत."

"मंग फुडल्या साली चार सांगते."

"सांग."

सूप उचलून रत्नाबाई आत गेल्या.

"आन् सहाची झाल्यावर?"

"मग या रकान्यातून निघते."

"कुठं जाते?"

"कुठंच नाही. पुढे रकानाच नाही."

नर्मदाने अंगठा बोटाच्या पेरांवर ठेवून मोजलं. बराच वेळ मोजलं. तीन, चार, पाच; मोजायची पेरं तीनच होती.

"लई हायत," ती म्हणाली.